केबल बेकरीतून गेली

आमच्या सान बालदोमेरो गावात नगरपालिका आणि चर्च समोरासमोर आहेत. मधे चौक. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवायची म्हटली तरी इमारतींना ते जमत नाही. माणसांना मात्र छान जमलं होतं. मेयर तेओफिस्तो माग्सुंबोल आणि फादर क्रिसांतो यांच्यात सहा वर्षं बोलणं नव्हतं. मेयरांच्या कोंबड्यांच्या झुंजी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळीच लाउडस्पीकर लावून चालायच्या. त्यावर फादर एकदा प्रवचनात म्हणाले, "आपल्या गावात कोंबडे दोन प्रकारचे. काही झुंजतात, काही निवडून येतात." लोक इतके हसले की पुढची प्रार्थना कुणाला ऐकूच आली नाही.

मी लुडिविना, पालिकेची संगणकवाली. पगार पालिकेचा, बाप्तिस्मा त्या चर्चमधला, त्यामुळे शिव्या दोन्हीकडच्या खायच्या.

ही केबल टाकायच्या दोन वर्षं आधी वादळाने पालिकेचं छप्पर नेलं आणि चर्चच्या तळघरात पाणी भरलं. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्या वह्यांचा लगदा. आम्ही पान न् पान दोरीवर वाळत घातलं. चौकात आठवडाभर सगळं गाव चिमट्यांना लटकत होतं. वाळली ती पानं आम्ही संगणकात टाइप केली, आम्ही आमच्याकडे, चर्चवाल्यांनी त्यांच्याकडे. मग प्रांताच्या राजधानीतून दोन सर्व्हर आले, एक पालिकेला, एक चर्चला. अट एकच: दोन्ही एकमेकांना जोडायचे, म्हणजे एकीकडे जे पुसलं गेलंय ते दुसरीकडून ताडून बघता येईल.

"जोड," मेयर मला म्हणाले. "पण मी त्याच्याशी बोलणार नाही."

"तुम्ही कशाला बोलताय, मेयर? यंत्रं बोलतील."

"आधी कोण बोलणार? आपलं यंत्र आधी बोलणार नाही, सांगून ठेवतो."

मी चौक मोजला. पालिकेच्या खिडकीपासून फादरांच्या कचेरीपर्यंत वायर एकशे सत्तर मीटर भरत होती. असली वायर शंभर मीटरच्या पुढे गेली की तिच्यातला आवाज बसतो. म्हणून मधे कुठेतरी एक खोका बसवायचा, जो इकडचं ऐकून पुन्हा ठणठणीत आवाजात तिकडे सांगेल. खोक्याला वीज लागते आणि डोक्यावर छप्पर लागतं. चौकाच्या बरोब्बर मधल्या बाजूला छप्पर एकच होतं, आलिंग पुरिंगची बेकरी.

आलिंग म्हणजे आमच्याकडे मावशी. ही पुरिंग सहासष्ट वर्षांची विधवा. हात पिठात, तोंड गावभर. मी गेले तेव्हा ती पावाचे गोळे ट्रेवर आपटत होती.

"काय जातं गं ह्या खोक्यातून?" तिने विचारलं.

"नावं, आलिंग. गावातल्या सगळ्यांची. कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण मेलं."

"मग माझं बघ की. मला मारून ठेवलंय तुझ्या पालिकेने."

मला वाटलं गंमत करतेय. तिने हात पुसले आणि डब्यातून एक कागद काढला. मृत्यूचा दाखला. पुरिफिकासियोन लांदिचो, विधवा. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, शिक्का, सही, सगळं रीतसर.

"अहो, पण हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं नाही? खिडकीवर तीनदा गेले! म्हणाले, जिवंत असल्याचं ओळखपत्र आणा. ओळखपत्राच्या खिडकीवर गेले, तर म्हणाले, आजी, मेलेल्या माणसाला ओळखपत्र देत नाही. मी म्हटलं, मग ही बडबड कोण करतंय? तो म्हणाला, ते आमच्या खात्यात येत नाही."

"मग?"

"मग काय? भट्टी पेटवायची होती. घरी आले." तिने पुढचा ट्रे ओढला. "मतदान नाही, औषधाची सवलत नाही. एक बरं आहे, कुठलाही इन्स्पेक्टर येत नाही. मेलेल्या बाईच्या बेकरीत काय तपासणार?"

मी म्हटलं, बघते. आणि भिंतीवर, साखरेच्या बरणीच्या वर, खोका ठोकला.

उद्घाटनाला दोघंही आले, कारण राजधानीतून फोटोवाला आला होता. मेयर उजवीकडे, फादर डावीकडे आणि मधे मी, कुंपणासारखी. फादरांनी दोन्ही सर्व्हरवर तीर्थ शिंपडायचं ठरवलं होतं. मी दोन्ही यंत्रांवर भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून ठेवल्या. फादर नाराज झाले.

"लुडी, पवित्र पाणी आहे ते."

"हो फादर, पण ओलंच आहे ना?"

बटण दाबलं. एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारायची होती. हाक गेली आणि उत्तर आलंच नाही. पुन्हा मारली तर पालिकेच्या यंत्राला त्याचंच उत्तर आलं. तिसऱ्यांदा दोन्ही गप्प. टाळ्या वाजवायला जमलेले लोक पाव खायला लागले.

कारण मला अर्ध्या तासाने सापडलं आणि सापडल्यावर मी कपाळावर हात मारला. दोन्ही यंत्रं एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी आलेली, आणि कारखान्याने दोघांनाही एकच पत्ता देऊन पाठवलेलं. शेवटचा आकडा एक. एका गल्लीत दोन घरांवर एकच नंबर रंगवला तर पोस्टमनने जायचं कुठे?

"सोपं आहे," मी दोघांना समजावलं. "एकाने एक ठेवायचा, दुसऱ्याने दोन घ्यायचा."

सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच वेळी बोलले.

"एक नंबर पालिकेचा."

"एक नंबर चर्चचा."

"मेयर, फादर, हा नुसता आकडा आहे. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना!" मेयर म्हणाले.

"चर्च इथे उभं राहिलं तेव्हा पालिकेच्या जागी दलदल होती," फादर माझ्याकडे बघून म्हणाले. "सांग त्यांना."

"ह्याला सांग, अजून त्यातलेच डास येतात, आणि ते त्याच्या बागेतून येतात."

हे तासभर चाललं. फोटोवाल्याची बस निघून गेली. शेवटी आलिंग पुरिंग ॲप्रनला हात पुसत बाहेर आली आणि ओरडली, "अहो, मेयर, मतपत्रिकेवर तुमचा नंबर कितवा होता?"

"सात," मेयर छाती काढून म्हणाले.

"मग सात घ्या, लोकांच्या लक्षात राहील. फादर, तुम्ही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मावाले. तीन घ्या. आणि मला भट्टीकडे जाऊ द्या."

दोघांनाही त्यात आपलाच विजय दिसला. सात आणि तीन. एक नंबर मोकळा राहिला होता, तो मी बेकरीतल्या खोक्याला दिला आणि कुणाला सांगितलं नाही. पुन्हा हाक मारली. तीनने साताला लगेच ओ दिली. मी जिथे उभी होते तिथेच दोन उड्या मारल्या. बाकी कुणाला काही कळलं नाही, कारण दिसण्यासारखं काहीच नव्हतं, दोन हिरवे दिवे सोडून.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. दोन्हीकडची नावं, तारखा, आईबाप, मुलगा की मुलगी, सगळं शेजारी शेजारी ठेवायचं, आणि जुळत नाही ते छापायचं. मला वाटलं, दहावीस पानं निघतील. दोन्ही कचेऱ्यांतले प्रिंटर सकाळी नऊला सुरू झाले आणि दुपारपर्यंत थांबले नाहीत. गावाने पिढ्यान् पिढ्या एका खिडकीत एक आणि दुसऱ्या खिडकीत दुसरं सांगितलेलं. नवऱ्याचं नाव इकडे एक, तिकडे दुसरंच. जुळ्यांच्या वाढदिवसात पाच महिन्यांचं अंतर.

मेयरांनी मला बोलावलं. खुर्चीत बसून ते हसत होते, हसता हसता खोकत होते, डोळ्यांतून पाणी.

"लुडी, हे वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. फादर इथलेच, जन्म आमच्याच पालिकेत नोंदलेला. चर्चच्या यादीत क्रिसांतो, मुलगा. पालिकेच्या यादीत क्रिसांतो, मुलगी.

"कुणीतरी चुकून खूण केली असणार, मेयर."

"चुकून कशी? सरकारी कागद आहे! म्हणजे सहा वर्षं मी एका बाईशी भांडतोय? आता मी रविवारी स्वतः चर्चला जाणार. हात जोडून म्हणणार, नमस्कार, सिस्टर."

"मेयर," मी म्हटलं, "पान एकवीस बघितलंत का?"

त्यांनी पान उलटलं आणि हसू उतरलं. मेयर सगळीकडे एकसष्ट सांगायचे. पालिकेतही तेच होतं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याप्रमाणे ते पासष्टचे होते. आणि मेयर तेव्हा शाळेतल्या संगीताच्या बाईंशी दुसरं लग्न करणार होते. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. लग्न चर्चमध्ये नको, साधेपणाने करू, हे त्यांचं टुमणं कशासाठी होतं ते मला त्या क्षणी कळलं. चर्चमधल्या लग्नाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो.

"हे पान तिकडेपण छापलं गेलं?"

"एकाच वेळी, मेयर. तेच तर जोडणं म्हणजे."

"तोड. आत्ता तोड."

तेवढ्यात माझा फोन वाजला. फादर होते. आवाज मवाळ, प्रवचनात पापांबद्दल बोलताना असतो तसा. "लुडी, बाळ, ते यंत्र... देवाने जे झाकलंय ते माणसाने उघडू नये. काढून टाकतेस का ती वायर?"

यंत्रं दोघांच्याही कुलूपबंद खोलीत होती, किल्ल्या राजधानीच्या साहेबाकडे. वायर खांबांवरून गेलेली. तोडायला सोपी जागा एकच, आणि ती दोघांच्याही ध्यानात आली. चार वाजता मी बेकरीत पोचले तर मेयर एका दाराने येत होते आणि फादर दुसऱ्या दाराने. मधे आलिंग पुरिंग, हातात लाटणं, आणि तिच्या मागे भिंतीवर खोका लुकलुकत होता.

"आलिंग, तो प्लग काढा," मेयर म्हणाले. "सरकारी हुकूम."

"काढा, आलिंग," फादर म्हणाले. "माझीपण विनंती."

आलिंग पुरिंगने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "एकमत झालं तुमचं? अरे देवा. जगबुडी आली वाटतं. लुडी, काय झालंय?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण बेकरीत पंधरा माणसं पावासाठी उभी होती आणि त्यांनी मला सोडलं नसतं. आलिंग पुरिंग हसली नाही. बाकीचे सगळे हसले. ती म्हणाली, "आणि माझं?"

मी सकाळीच बघून ठेवलं होतं. यादी पिशवीत होती. "चर्चच्या दफनाच्या वहीत त्या तारखेला पुरिसिमा लांदिचो आहे. अविवाहित. पालिकेच्या मृत्यूच्या नोंदीत त्याच तारखेला पुरिफिकासियोन लांदिचो. एकच मृत्यू, दोन नावं."

"सिमा," आलिंग म्हणाली.

पुरिसिमा ही तिची नणंद. गावात दोघींना पुरिंगच म्हणायचे, मोठी पुरिंग आणि धाकटी पुरिंग. नवरा लवकर गेला, त्यानंतर तीस वर्षं नणंद-भावजयीने मिळून ही बेकरी चालवली. भांडायच्यासुद्धा इतक्या की लोक पावाबरोबर भांडण ऐकायला यायचे.

"मी दफन केलं तिचं," फादर हळूच म्हणाले. "मला आठवतंय. पाऊस होता. तुम्ही शवपेटीत लाटणं ठेवायचा हट्ट धरला होतात."

"मीपण होतो की!" मेयर म्हणाले. "तेव्हा नगरसेवक होतो. मी तुमचा हात धरून सांत्वन केलं, आलिंग."

"केलंत. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीने मला मारलं."

मेयर काहीतरी म्हणायला गेले. आलिंगने गल्ल्याखालचा खण उघडला आणि एक गठ्ठा काढून पिठाच्या टेबलावर टाकला. मेयरांचा फोटो असलेली, सोनेरी कडेची आठ वाढदिवसाची कार्डं. तेओफिस्तो मेयर झाल्यापासून पालिका म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी पाठवते ती. प्रत्येकावर लिहिलेलं: प्रिय पुरिसिमा, शंभर वर्षं जगा, तुमचाच तेओफिस्तो.

"दर एप्रिलात येतं," ती म्हणाली. "पहिलं आलं तेव्हा मी वेड्यासारखी भांडायला निघाले होते. अर्ध्या चौकातून परत फिरले. म्हटलं, मी मेलेय त्याचं काय एवढं? मी तर इथे आहे. पण कुठल्या तरी वहीत ती जिवंत आहे. एकाहत्तर वर्षांची झालीय. कुणीतरी तिला शंभर वर्षं जग म्हणतंय. म्हणून चौथ्यांदा खिडकीवर गेले नाही मी. कळलं? आळसाने नाही."

एका बाईने घेतलेला पाव परत टोपलीत ठेवला, का कोण जाणे.

"पण आता पुरे," आलिंग म्हणाली. "परवा डॉक्टरने हृदयाची औषधं लिहून दिलीत. दुकानवाला म्हणतो, मेलेल्यांना सवलत नाही. मला जिवंत व्हायचंय. तुम्ही दोघं बसा. तिथे, पोत्यांवर. लुडी लिहील, तुम्ही सही करा. फादर लिहून देतील की कुणाला पुरलं. मेयर लिहून देतील की चूक पालिकेची. आणि पालिकेचा वकील माझ्याबरोबर कोर्टात येईल."

"आणि नाही केली सही तर?" मेयरांनी विचारलं. सवयीचा भाग.

"प्लग तर काही झालं तरी राहील. आणि सही नाही केली तर त्या एकवीस नंबरच्या पानाच्या प्रती काढून मी पाव बांधायला वापरीन. उद्या सकाळी गावात चारशे घरी पाव जातो, मेयर."

"हा धाक आहे."

"मेलेल्या बाईवर खटला घाला."

फादर फस्सकन हसले. मग मेयर. दोघं पिठाच्या पोत्यांवर शेजारी शेजारी बसले, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. मी लिहिलं. मेयरांनी सही केली आणि पेन फादरांकडे देताना म्हणाले, "घ्या, सिस्टर."

"आभारी आहे, आजोबा," फादर म्हणाले.

प्लग राहिला. सान बालदोमेरोत पुढचं वर्षभर रांगा लागल्या, लोक आपापली नावं दुरुस्त करून घेत होते. फादरांना आपण पुरुष असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणावं लागलं. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण लहानपणी त्यांच्याच धर्मवर्गात होती. तिने पडदा ओढला आणि बाहेर थांबलेल्या आम्हाला फक्त फादरांचा आवाज ऐकू आला: "डोळे मिटून तपासता येत नाही का?" मेयरांनी चर्चचीच वही चुकीची असल्याचा अर्ज केला. फादरांनी वाळवून जपलेलं मूळ पान, शाई फुटलेलं, तसंच काढून दाखवलं. संगीताच्या बाई म्हणाल्या, मला कधीचंच माहीत होतं, पासष्टच्या खालचा माणूस असल्या चपला घालत नाही. लग्न चर्चमध्येच झालं. दोघं आता बोलतात, म्हणजे रोज भांडतात. आधीपेक्षा त्रास वाढलाय.

आलिंग पुरिंगचं कोर्टात सात महिने चाललं. शेवटच्या तारखेला मी बरोबर होते. न्यायाधीश बाईंनी फाईल वाचली, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "अर्जदार हजर आहेत?"

"आहे ना. अकरा वर्षं हजरच आहे."

"तुम्ही तुमचा व्यवसाय चालवत असल्याचा काही पुरावा?"

वकील कागद चाळायला लागला. आलिंगने पिशवीतून पावांची पुडी काढून समोर ठेवली. "आज पहाटे भाजलेत. अजून कोमट असतील." वकिलाने डोळे मिटून घेतले. न्यायाधीश बाईंनी पुडीला हात लावून बघितला आणि कारकुनाला म्हणाल्या, "नोंद करा, पुरावा क." आदेश दुपारी मिळाला. तोपर्यंत पुरावा क संपला होता आणि कारकुनाच्या मिशीला साखर लागलेली होती.

आदेशात दोन ओळी होत्या. एक, पुरिफिकासियोन लांदिचो हिची मृत्यूची नोंद रद्द. दुसरी, त्या जागी पुरिसिमा लांदिचो हिची नोंद करावी. करणारी मीच.

ती नोंद करताना आलिंग माझ्या शेजारी येऊन बसली. बोलावलं नव्हतं. मी नाव टाइप केलं, तारीख टाकली, तिकडून तीन नंबरच्या यंत्राने दफनाची ओळ पाठवली, ती जुळली. मृत्यूचं कारण, निमोनिया. आईचं नाव, बापाचं नाव. मग एक चौकट आली, व्यवसाय. जुन्या वहीत त्या जागी 'काही नाही' असं लिहिलं होतं.

"काही नाही?" आलिंग पुढे झुकली. "कुणी लिहिलं ते?"

"तेव्हाच्या कारकुनाने. बायकांपुढे असंच लिहायचे."

"तीस वर्षं पहाटे तीनला उठायची ती. सगळं गाव तिच्या हातचं खाऊन मोठं झालंय. तू झालीस, मेयर झाले, तो कारकूनसुद्धा."

"आदेशात फक्त नाव बदलायचं आहे, आलिंग. बाकी जसंच्या तसं ठेवायचं असतं."

ती नुसती चौकटीकडे बघत राहिली. तिच्या नखांत पीठ होतं.

मी 'काही नाही' पुसलं. 'पाववाली' लिहिलं आणि जतन केलं. पडद्यावर कुणी हरकत घेतली नाही. आलिंगने ती ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा ओठ हलवत. मग ती उठली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "चल, मला जायला हवं. कणीक वर आली असेल."